शेवाळाची कॅप्सूल आणि अल्झायमर

‘चिनी वैद्यांच्या शेवाळाने आतडी सुधारतात, अल्झायमर बरा होतो’ हा फॉरवर्ड अजून फिरतोय. मुळात हे ‘शेवाळ’ म्हणजे जीव्ही-९७१ नावाचं औषध, आणि ते काही काढा नाही. तपकिरी समुद्री शेवाळातल्या शर्करेपासून कारखान्यात बनवलेली कॅप्सूल आहे. पारंपरिक चिनी वैद्यकात असं शेवाळ द्यायचे ते गलगंडावर. विसराळूपणाशी त्याचा काय संबंध!

२०१९मध्ये चीनने सशर्त मंजुरी दिली, तीही सौम्य ते मध्यम आजारात आकलन सुधारावं म्हणून. आधार होता ८१८ रुग्णांच्या ३६ आठवड्यांच्या चाचणीचा. वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या आजारापुढे हा काळ फारच तोकडा. या औषधाने आतड्यातले जंतू बदलले की फेनिलअ‍ॅलानिन, आयसोल्युसिन ही अमिनो आम्लं घटतात आणि मेंदूतला दाह ओसरतो, हे दिसलं मुख्यतः उंदरांत. मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२मध्ये अर्ध्यावरच थांबली. फॉरवर्ड मात्र थांबला नाही.