एसटीएचएम की एसटीएचईएम? मधल्या ‘ई’चा घोळ

परवा पुण्यात पाषाणला आमच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी बिस्मथ टेल्युराइडची (उष्णतेपासून वीज देणाऱ्या अर्धवाहकाची) चकती घेऊन आली. “सर, सीबेकचा नकाशा हवाय. एसटीएचएमचा स्लॉट घेतलाय.” म्हटलं, अगं, तो स्लॉट तापमानाचा आहे. एसटीएचएम म्हणजे स्कॅनिंग थर्मल मायक्रोस्कोपी; तुला हवं ते एसटीएचईएम, स्कॅनिंग थर्मोइलेक्ट्रिक मायक्रोस्कोपी.

घोळ होतो तो साहजिक आहे. दोन्हीकडे टोकदार सुई नमुन्यावरून फिरते आणि नॅनोमीटरांच्या पट्टीवर रंगीत नकाशा निघतो. सूत्रही एकच: व्होल्टेज म्हणजे सीबेक गुणांक (एका अंशाच्या फरकाला पदार्थ किती व्होल्टेज देतो ते) गुणिले तापमानातला फरक. फक्त माहीत काय आणि शोधायचं काय, हे उलटं.

पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) घ्या. अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट हे आधीच ठरलेलं, म्हणून व्होल्टेजवरून तापमान कळतं. एसटीएचएम म्हणजे हाच थर्मोकपल सुईच्या टोकावर. आयबीएममध्ये 1986 साली तो पहिल्यांदा वापरला, तोही तापमानासाठी नव्हे. विद्युतरोधक पृष्ठभागाचे चढउतार पाहायला! आता बऱ्याच सुयांवर पॅलेडियमची पातळ पट्टी रोध (रेझिस्टर) म्हणून असते. तिथे तर सीबेकचा संबंधच नाही. पट्टीतून वीज सोडून सुई तापवायची, नमुना किती उष्णता ओढतो ते पाहायचं आणि त्यावरून औष्णिक वाहकतेचा अंदाज बांधायचा.

एसटीएचईएममध्ये नमुना खालून काही अंशांनी तापवतात, सुई थंड असते. टेकली की तिच्याखालचा इवलासा भाग निवतो. तापमानाची घसरण जवळपास सगळी तिथेच होते, त्यामुळे येणारं व्होल्टेज त्या काही नॅनोमीटरांचंच. फरक माहीत, शोधायचा तो गुणांक. 2004 मध्ये टेक्सासमधल्या चमूने गॅलियम आर्सेनाइडच्या पी-एन जंक्शनवरून (धन वाहकांचा पी-टाइप आणि इलेक्ट्रॉनांचा एन-टाइप भाग जिथे जुळतात त्या सांध्यावरून) सुई अशीच नेली, तर सांध्यापाशी व्होल्टेजचं चिन्ह पालटलेलं दिसलं. चिन्हाची ही पलटी एसटीएचएम कधीच दाखवणार नाही. मला विचाराल तर खरी गंमत तीच.

एसटीएचईएम निर्वातात करतात ते उगाच नाही. जुलैतल्या पुण्याच्या दमट हवेत सुई आणि नमुन्यामध्ये पाण्याचा थेंब साचतो, उष्णता आजूबाजूला पसरते आणि ‘स्थानिक’ म्हणावं असं काही उरत नाही. एसटीएचएम हवेतही चालतं, पण हवेतून निसटणारी उष्णता हिशेबात धरावी लागते.

तिचा स्लॉट रद्द केला. जाण्याआधी मात्र गरिबाचं एसटीएचईएम करून पाहिलं: मल्टीमीटरची लाल पिन सोल्डरिंग आयर्नने थोडी तापवली आणि दोन्ही पिना चकतीला लावल्या. पडद्यावर अधिक चार मिलिव्होल्ट. गरम पिन धन, म्हणजे इलेक्ट्रॉन थंड टोकाकडे सरकलेत, पदार्थ एन-टाइप. डबीवर तिच्याच अक्षरात ‘पी’ लिहिलं होतं.