जुलाबात पाणी तोडू नये, हे कळायला दीडशे वर्षं लागली

पावसाळ्यात नळाला पहिलं गढूळ पाणी आलं की सांगली-मिरजेकडच्या दवाखान्यांत जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढतात. बाळाबरोबर आलेली आजी आधी एकच मागणं करते, "डॉक्टर, पोराला सलाईनची बाटली लावा." पोर शुद्धीवर असतं, पाणी मागत असतं, पण घरात त्याला पाणी दिलेलं नसतं, कारण "प्यायलं की लगेच होतंय." आजींच्या या दोन्ही समजुती अडाणीपणातून आलेल्या नाहीत. पोटाला विश्रांती द्या आणि पाणी शिरेतून द्या, हे एके काळी आम्हा डॉक्टरांचंच शास्त्र होतं. ते कसं बदललं हे घरोघर पोचायला हवं, कारण तान्ह्या मुलाचा जीव जंतूपेक्षा अंगातलं पाणी आटल्यानं जातो.

गोष्ट पटकीपासून, म्हणजे कॉलऱ्यापासून सुरू होते. १८१७ मध्ये बंगालात जेसोरला उसळलेली पटकीची साथ १८१८ मध्ये दख्खनेत पोचली. सातारा इंग्रजांच्या हाती गेला तेच हे वर्ष. पुढं शतकभर ही साथ यात्रा-जत्रांच्या वाटेनं फिरत राहिली. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पंढरीकडे जाते. हजारो माणसांचं पिणं, अंघोळ आणि परसाकड एकाच ओढ्या-नदीच्या काठी होत असे, तेव्हा एक आजारी माणूस पुऱ्या मुक्कामाला पुरत असे. आपल्याकडे गावोगावच्या शिवेवर मरीआईचं देऊळ दिसतं ते याच भीतीतून. साथ आली की देवीचा गाडा ओढत शिवेपार नेऊन सोडायचे. या प्रथेला मी हसत नाही. रोग गावातून गावात चालत जातो, हे लोकांनी नेमकं हेरलं होतं. तो पाण्यातून जातो हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवलं, आणि १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात त्याचा जंतू पक्का केला.

कारण कळलं, पण पेशंट वाचेना. स्कॉटलंडमधल्या थॉमस लॅटा यांनी १८३२ मध्येच मिठाचं पाणी शिरेतून देऊन पाहिलं होतं. ते मागे पडलं. डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं, त्या काळातही पटकीवर हमखास उपाय कुणाकडेच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून मिठाचं पाणी देऊन मृत्यू बरेच कमी केले. सलाईनच्या बाटलीचा दबदबा सुरू झाला तो इथून, आणि तो खोटा नव्हता. फक्त बाटली, सुई आणि ती लावणारा माणूस खेड्यात नव्हता.

तोंडावाटे पाणी का देत नव्हते? पटकीत आतड्याचं अस्तरच झडून जातं, मग पाणी शोषणार कोण, असा समज होता. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं की जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळं आतडं पाणी ओतू लागतं. अस्तर जागेवरच असतं, हेही त्याच सुमारास स्पष्ट झालं. पाठोपाठ १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी आतड्याचं एक विलक्षण काम उलगडलं. साखर आणि मीठ एकाच दारातून, एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हे दार उघडं राहतं. नुसतं पाणी फारसं टिकत नाही, नुसतं मीठही नाही. जोडी लागते. ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये हे पटकीच्या पेशंटवर सिद्ध केलं आणि शिरेतून द्यायच्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली.

खरी कसोटी १९७१ ची. बांगलादेशच्या युद्धात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईनचा साठा संपला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते नळ लावलेल्या पिंपांत भरलं आणि नातेवाइकांनाच पेले भरून पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. पाजणाऱ्या बहुतेक आया-बहिणी होत्या, नर्स नव्हत्या. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळालं.

आज आशाताईंकडे मिळणारी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी त्याच मिश्रणाची सुधारलेली आवृत्ती आहे. मीठ आणि साखर कमी केलेलं हे सूत्र २००२ पासूनचं. पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच घालायची, अर्धी-अर्धी नाही. २४ तासांत संपवायची, उरलं तर टाकायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध, पेज, मऊ भात चालूच ठेवायचा, आणि झिंकची गोळी डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण द्यायची. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डोळे खोल गेले, पोर पिईनासं किंवा सुस्त झालं, लघवी बंद झाली, शौचात रक्त दिसलं, तर मात्र थेट दवाखाना. बाटली तिथं लागते.

पाण्याची बाजू ग्रामपंचायतीची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेनं सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली. नदीकाठच्या विहिरी-बोअर पुराच्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला पाच ग्रॅम घालून अर्धा तास थांबायचं असतं. आपल्या गावात ती रोज पडते का, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक. दुकानात तयार गोड पेयांचे खोके ओआरएस म्हणून विकले जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते नाव लावायला मनाई केली. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. म्हणून पुडीमागचे आकडे वाचा. एक लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे आकडे नसतील तर मेडिकलवाल्याला ती परत करा आणि हे आकडे असलेली पुडी मागा.