नळीत आवाज का पोचत नाही?

गेल्या हिवाळ्यात पायथ्याच्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं, म्हणजे कड्यामधल्या अरुंद घळीतून, हरिश्चंद्रगड चढत होतो. मी बॅकलीडला, म्हणजे गटाच्या शेवटी होतो, सोबत दमलेली दोन पोरं. लीड, म्हणजे गटाच्या पुढे चालणारा, आणि बाकीचे वर कोकणकड्याच्या पठारावर पोचले होते. नळीतले धोंडे सैल असतात. त्यामुळे वर एवढंच सांगायचं होतं की आम्ही अजून खालीच आहोत, कडेला कुणी दगड हलवू नका. वॉकी-टॉकीचं बटण दाबून तीनदा हाका मारल्या, उत्तर नाही. खोक्यावर ‘१० किलोमीटर’ छापलेला सेट काही शे मीटरवरच मुका झाला होता. शेवटी पंधरावीस पावलं मागे उतरलो. तिथून कड्याची कड दिसत होती. पुन्हा हाक मारली आणि पहिल्याच हाकेला लीडचा आवाज आला, अगदी शेजारी उभा असल्यासारखा.

बॅटरी तीच आणि चॅनलही तेच होतं, बदलली फक्त जागा. पण त्या दिवशी चॅनलनंही घात केलाच. तो पुढे सांगतो.

आपल्याकडे ट्रेकला वापरतात ते साधे सेट ४४६ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतात. या लहरीची लांबी सुमारे ६७ सेंटीमीटर. एवढ्या आखूड लहरी जवळजवळ उजेडासारख्या सरळ जातात. कातळाच्या कडेवरून त्या थोड्या वाकतात, पण डोंगराला वळसा घालून पलीकडे पोचत नाहीत. दोन माणसं एकमेकांना दिसत असली तरी तेवढ्यानं भागत नाही. मधल्या रेषेभोवती सुरळीसारखी मोकळी जागा लागते. दोन किलोमीटरच्या अंतराला ही सुरळी मध्यावर जवळपास १८ मीटर त्रिज्येची असते. मधल्या सोंडेवरची झाडी तिच्यात घुसली की आवाज खरखरू लागतो. सपाट समुद्रावर दोघं उभे असतील, तर पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब धरूनही दहा किलोमीटर जमू शकतात. खोक्यावरचा आकडा असल्या आदर्श जागेचा असतो, आणि सह्याद्रीत अशी जागा नाही.

कोकणकडा तर आत वळलेला, अंतर्वक्र. कडेवर उभ्या माणसाला बेलपाडा थेट दिसतो. तो वीस पावलं मागे तंबूकडे गेला की त्याच्या आणि गावाच्या मध्ये सगळा कातळ येतो. म्हणून वरच्या माणसाला ठरल्या वेळी कडेशी जायला सांगावं. अर्थात कडेपासून सुरक्षित अंतर ठेवून, आणि वारा असेल तर आडवं पडून. वॅट वाढवून हे काम होत नाही. अर्ध्या वॅटचा सेट पाच वॅटचा केला, म्हणजे शक्ती दहापट वाढवली, तरी मोकळ्या जागेतसुद्धा अंतर जेमतेम तिप्पट होतं. मध्ये कातळ आला की ती वाढ कातळच खातो.

पाच वॅटचे सेट ऑनलाइन स्वस्तात दिसतात. ते विकत घेण्याआधी कायदा बघा. भारतात २०१८च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा, तोही कमी शक्तीच्या सेटवर. अमेरिकेतल्या भाच्यानं हौसेनं आणलेली जोडी इथे चालवू नये. तिकडची चॅनलं ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्‌झला आहेत. तिकडचं चॅनल १ आणि आपलं चॅनल १ एकमेकांना ऐकूही येणार नाहीत. चॅनलचा आकडा हे फक्त टोपणनाव असतं. आपल्या पट्ट्यात १ म्हणजे ४४६.००६२५, आणि तिथून दर साडेबारा किलोहर्ट्‌झला पुढचं चॅनल. नव्या सेटमध्ये अशी १६ चॅनलं असतात, जुन्यांत फक्त पहिली ८. गटात एक जरी जुना सेट असेल तरी ठरवायचं चॅनल १ ते ८ मधलंच.

आता टोनबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. सेटच्या पडद्यावर चॅनलशेजारी दुसरा छोटा आकडा असतो, बहुतेकदा १ ते ३८. लोकांना वाटतं की हा कोड टाकला की चॅनल आपलं खाजगी झालं. तसं काहीच होत नाही. तुमच्या आवाजाखाली एक मंद, ठरावीक गुणगुण जाते, उदाहरणार्थ १०० हर्ट्‌झची. हाच टोन, आणि कोड म्हणजे त्याचा क्रमांक. समोरचा सेट ती ऐकू आली तरच स्पीकर उघडतो. म्हणजे कोड दुसऱ्याला गप्प करत नाही, तुमचा कान बंद करतो. हवेत मात्र सगळे एकाच चावडीवर बोलत असतात.

नळीतली सुरुवातीची हाक का पोचली नाही, त्याचं दुसरं कारण हेच निघालं. गडावर त्या दिवशी मोठा गट मुक्कामाला होता आणि त्यांचे सेट आमच्याच चॅनल १ वर, कोडशिवाय. लीडच्या सेटवर आमचा कोड होता, त्यामुळे तो शांत. लीडला वाटलं, चॅनल मोकळं आहे. प्रत्यक्षात शेजारच्या तंबूतली जोरदार बडबड सुरू होती. आपले सेट एफएम पद्धतीनं बोलतात, आणि एफएममध्ये दोन सिग्नल एकत्र आले की ते मिसळत नाहीत. जो जोरकस, तोच ऐकू येतो, आणि कमजोर जवळजवळ पुसला जातो. माझी नळीतून आलेली बारीक हाक त्या बडबडीखाली पुसली गेली. बडबडीत आमची गुणगुण नव्हती, म्हणून लीडचा स्पीकर उघडलाच नाही. त्याच्या दृष्टीनं काहीही घडलं नव्हतं. धोका आहे तो नेमका इथे, कारण खरखर ऐकू आली असती तर त्याला संशय तरी आला असता. विमानं आजही एएम या जुन्या पद्धतीनं बोलतात, त्यामागचं एक कारण हेच. तिथे दोघं एकदम बोलले की शीळ वाजते आणि सगळ्यांना कळतं.

तेव्हापासून पायथ्याला जेवणाआधी मी कोड बंद करतो आणि प्रत्येक चॅनल थोडा वेळ ऐकतो. जिथे गर्दी असेल ते चॅनल सोडतो, शेजारचंही सोडतो, कारण स्वस्त सेटमध्ये जवळचा जोरदार आवाज बाजूच्या चॅनलवर सांडतो. पहिलं चॅनल बहुतेक वेळा भरलेलं असतं, कारण खोक्यातून निघालेला सेट तिथेच उभा असतो. मग एक मुख्य चॅनल आणि एक राखीव ठरवतो. मुख्यावर दोन हाकांना उत्तर नाही आलं, तर दोघांनीही राखीववर जायचं, हे आधीच ठरलेलं हवं. एकटाच गेला तर दोघंही हरवतात. कोड वापरायचा असेल तर सेटच्या पुस्तिकेत हर्ट्‌झचा आकडा जुळवून बघा. कंपन्यांच्या याद्या एकसारख्या नसतात, आणि एकीचा १२ दुसरीचा १३ असू शकतो. बोलण्याआधी मॉनिटरचं बटण दाबा. त्यानं कोडचं कुलूप निघतं आणि हवेत काय चाललंय ते खरं ऐकू येतं.

इटलीत याच ४४६च्या पट्ट्यावर ‘रेते रादिओ मोन्ताना’ नावाचा स्वयंसेवी उपक्रम आहे. डोंगरात जाणाऱ्यांनी सेट चॅनल ८, कोड १६ वर ठेवायचा, म्हणजे ४४६.०९३७५ मेगाहर्ट्‌झ आणि ११४.८ हर्ट्‌झ. ही बचावयंत्रणा नव्हे, पण अडचणीतल्याची हाक जवळपासच्या कुणाच्या तरी कानावर पडावी एवढी सोय त्यात आहे. सह्याद्रीत गावोगावचे ट्रेक ग्रुप अशा एका चॅनलवर सहमत झाले तर मला फार आवडेल. पावसाळ्यात एका घाटवाटेवर चारचार गट असतात आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

पावसाची मात्र भीती नको. ६७ सेंटीमीटरच्या लहरीला पावसाचे थेंब आणि धुकं जवळजवळ दिसतच नाहीत. भिजलेली कारवी थोडा सिग्नल खाते, आणि माइकच्या जाळीवर पाण्याचा थेंब बसला की बोलणं घोगरं होतं. तो फुंकून काढायचा. अँटेना उभीच धरा. सेट सॅकच्या खिशात आडवा पडलेला असला तर सिग्नल बराच पडतो, आणि कमरेला लावला तर शरीर सिग्नल अडवतं. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ‘नको, थांबा’मधला ‘नको’ गेला तर चालेल, पण ‘नका येऊ’मधला ‘नका’ गेला की अर्थ उलटा होतो. म्हणून आमच्या गटात आता आधी नाव घ्यायचं, मग निरोप, आणि ऐकणाऱ्यानं तो निरोप परत म्हणून दाखवायचा.

माझ्या सेटच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी आहे. प्रत्येक ट्रेकला ती बदलतो. त्यावर पेननं दोन चॅनल, हर्ट्‌झमध्ये टोन, आणि वरच्या माणसानं कडेशी यायच्या वेळा लिहिलेल्या असतात. दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं.