दोन ‘खुकरी’: एक समुद्रतळाशी, एक दीवच्या किनाऱ्यावर

दीवला गेलेल्या पर्यटकाला ‘आयएनएस खुकरी’ ही खरीखुरी युद्धनौका पाहता येते, आणि १९७१ च्या युद्धात कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या ज्या नौकेबरोबर बुडाले ती हीच, असा समज सहज होतो. ती खुकरी मात्र दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर समुद्राच्या तळाशी आहे. त्यात क्रमांकही फसवे आहेत: बुडालेल्या नौकेचा एफ १४९, दीवच्या नौकेचा पी ४९.

पहिली खुकरी ही पाणबुड्यांचा माग काढणारी, ब्रिटनमध्ये बांधलेली फ्रिगेट प्रकारची युद्धनौका होती आणि ती १९५८ मध्ये भारतीय नौदलात आली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘कृपाण’ या जोडीदार फ्रिगेटसह ती शत्रूच्या पाणबुडीच्या शोधात असताना, सोनारचा (ध्वनिलहरींनी पाण्याखालचा वेध घेणाऱ्या यंत्रणेचा) पल्ला वाढवण्याच्या प्रयोगासाठी तिचा वेग कमी ठेवला होता. ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीचा पहिला पाणतीर (टॉर्पेडो) कृपाणला लागला नाही. दुसऱ्याने खुकरीचा वेध घेतला आणि अवघ्या काही मिनिटांत ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, ६७ जण वाचले. मुल्ला यांनी आपले लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिले आणि स्वतः नौका सोडली नाही, असे वाचलेल्यांनी सांगितले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

दुसरी खुकरी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, क्षेपणास्त्रे वाहणारी कॉर्व्हेट प्रकारची युद्धनौका. २३ ऑगस्ट १९८९ रोजी ती सेवेत दाखल झाली, तेव्हा मुल्ला यांच्या पत्नी सुधा मुल्ला समारंभाला उपस्थित होत्या. ३२ वर्षांच्या सेवेनंतर डिसेंबर २०२१ मध्ये विशाखापट्टणम येथे ती निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी दीवला सोपवण्यात आली.

फ्रिगेट मोठी आणि कॉर्व्हेट लहान, हा ढोबळ नियम येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण दोघींची लांबी नव्वद मीटरच्या आसपासच होती. खरा फरक कामाचा: पहिलीची मुख्य शस्त्रे पाणबुडीविरोधी, दुसरीची जहाजांवर मारा करणारी.

कृपाणच्या बाबतीतही हाच घोळ होऊ शकतो. २०२३ मध्ये व्हिएतनामला भेट म्हणून दिलेली ‘कृपाण’ ही दुसऱ्या खुकरीच्याच वर्गातील कॉर्व्हेट असून, त्या रात्री पाणतीर चुकवून वाचलेली फ्रिगेट नव्हे.