जोड अंगाची की जन्मसालाची?

तेरा वर्षांखालच्या फुटबॉल संघाची निवड चालू असली की मैदानात एक तरी थोराड पोरगं असतंच. मिसरूड फुटायला लागलेली, मांड्या भरलेल्या, अर्ध्या मैदानातून मारलेला चेंडू थेट गोलात. शेजारी त्याच्याच वर्गातला एक किरकोळ अंगाचा. चेंडू पायाला चिकटल्यासारखा खेळवतो, पण खांदा लागला की आडवा. निवड कुणाची होणार, हे कोल्हापुरात कुणी सांगायला नको. इथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशी संघांची नावंच तालमींची आहेत आणि शाहू स्टेडियमवरचा सामना पेठेच्या इज्जतीचा असतो.

या दोघांतला फरक बऱ्याचदा खेळाचा नसतोच, कॅलेंडरचा असतो. वयोगट १ जानेवारीपासून मोजला तर जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. दहाव्या वर्षी ते एक वर्षाचं अंतर म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ साली आइस हॉकीच्या खेळाडूंचे जन्ममहिने तपासले. वरच्या पातळीच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली मुलं भरलेली, शेवटच्या तिमाहीतली तुरळक. पुढे फुटबॉलसह कितीतरी खेळांत हेच दिसलं. थोडा मोठा मुलगा आधी निवडला जातो, त्याला सराव जास्त, सामने जास्त, मार्गदर्शन चांगलं. चार वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो. अपवाद असतात. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळलेला आपला अनिकेत जाधव जुलैचा.

त्याहून मोठा घोळ हाडांचा. जन्मतारीख एकच असली तरी दोन मुलांची हाडं सारखी पिकत नाहीत. दोन-दोन वर्षं पुढेमागे असणं अगदी निरोगी मुलांतही दिसतं. मनगटाच्या एक्स-रेमध्ये हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा किती उरली आहे, यावरून हाडांचं वय काढतात. ज्या महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस गुरुजींच्या कृपेने १ जूनलाच येतो, तिथे कागदापेक्षा मनगटावर भरवसा ठेवावासा वाटणं साहजिक आहे. फिफाही २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय करते. पण हाडांचं वय हे खरं वय नव्हे. लवकर वाढलेला प्रामाणिक मुलगाही त्या चाचणीत अडकू शकतो, हे पालकांना आधीच सांगितलेलं बरं.

मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत. मुलींची त्याआधी दोनेक वर्षं. वाढ एकसाथ होत नाही. आधी पावलं, मग पाय, धड सगळ्यात शेवटी. त्यामुळे काल सफाईने ड्रिबल करणारा पोरगा आज स्वतःच्याच पायात अडखळतो. प्रशिक्षक म्हणतो, ‘लक्ष नाही याचं.’ लक्ष असतं. मेंदूला नव्या लांबीचे पाय अजून सवयीचे झालेले नसतात. ताकदही उंचीच्या मागून, काही महिन्यांनी येते.

याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येऊन दुखू लागतं. हाड लांबलेलं, मांडीचा स्नायू ताणलेला, आणि प्रत्येक किकला तो स्नायू अजून कच्च्या असलेल्या त्या जागेला ओढतो. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढ थांबली की बहुतेकांचं दुखणं आपोआप जातं, पण तोवर खेळ कमी करावा लागतो. बाम चोळून उतरवायचं हे दुखणं नव्हे. रात्री झोपेत दुखत असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर डॉक्टर गाठावा.

इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादमींनी यावर एक तोडगा काढला. पूर्ण वाढ झाल्यावर उंची किती होईल याचा अंदाज घ्यायचा, त्यातली किती टक्के आज झाली आहे ते पाहायचं आणि तेवढीच वाढ झालेल्यांना एकमेकांविरुद्ध खेळवायचं. २०१५ साली प्रीमियर लीगने अशी स्पर्धा भरवली. थोराड मुलांना पहिल्यांदाच तोडीस तोड अंग भेटलं, नुसत्या धक्क्यावर भागेना, डोकं आणि पास वापरावे लागले. मागे राहिलेल्यांना खेळ दाखवायला जागा मिळाली.

खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या या शहराला यात नवल काय वाटावं? कुस्तीत जोड अंग बघूनच लावतात, जन्मदाखला बघून नाही. त्याच तालमींचे फुटबॉल संघ मात्र पोरांना सालाप्रमाणे वाटतात. स्पर्धेचे नियम बदलणं पेठेच्या हातात नाही, सरावातल्या जोड्या आहेत. आठवड्यातून एक दिवस वय विसरून अंगाप्रमाणे संघ पाडले तरी चालेल. आणि दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची रेघ मारावी. दोन रेघांतलं अंतर एकदम वाढलं की त्या पोराच्या उड्या आणि जोरकस किक काही काळ कमी करायच्या, आणि त्या हंगामातल्या खेळावरून त्याला संघातून काढायचं नाही.