वाफ कोरडी की ओली? ‘ई-कॅट’च्या वादामागची गोष्ट

१४ जानेवारी २०११ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात इटालियन उद्योजक आंद्रेआ रॉसी यांनी पत्रकार आणि प्राध्यापकांना बोलावून एक यंत्र चालवून दाखवलं. चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळलेली, टेबलावर मावेल एवढी वस्तू. आत निकेलची भुकटी आणि दाबाखालचा हायड्रोजन. एका बाजूने पंप थंड पाणी आत ढकलत होता, दुसऱ्या बाजूने वाफ बाहेर पडत होती. यंत्राला लागणारी वीज साधारण १ किलोवॅट आणि त्यातून मिळणारी उष्णता १२ किलोवॅटहून जास्त, असा दावा होता. निकेल आणि हायड्रोजन यांचे अणुगर्भ जुळून (म्हणजे ‘फ्यूजन’ होऊन) निकेलचं तांबं होतं आणि त्यातून ही जादा उष्णता निघते, असं सांगितलं जात होतं. यंत्राचं नाव ‘एनर्जी कॅटलायझर’, थोडक्यात ‘ई-कॅट’. रॉसींच्या बाजूने उभे होते बोलोन्या विद्यापीठातले ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ सेर्जिओ फोकार्दी. मोजमाप त्याच विद्यापीठातल्या जुझेप्पे लेवी यांनी केलं.

तेव्हापासून जो वाद पेटला, त्यात अणुगर्भाचे सिद्धांत पुष्कळ उगाळले गेले. पण खरा प्रश्न अगदी साधा आहे आणि तो नळीच्या तोंडाशी आहे: बाहेर पडलं ते नक्की काय, वाफ की गरम पाणी?

लेवींच्या अहवालातले आकडे घेऊन हिशेब मांडून बघा. यंत्रातून दर सेकंदाला साधारण ४.९ ग्रॅम पाणी जात होतं. १५ अंशांचं पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला ग्रॅममागे सुमारे ३५६ ज्यूल लागतात, म्हणजे एकूण १.७ किलोवॅट. उकळत्या पाण्याची वाफ करायला मात्र ग्रॅममागे आणखी २,२५७ ज्यूल लागतात, म्हणजे ११ किलोवॅट. दोन्ही मिळून १२.७. दाव्यातले ११ किलोवॅट असे एका गृहीतावर उभे आहेत: आत गेलेल्या प्रत्येक थेंबाची वाफ झाली. आणि थर्मामीटर हा भेद सांगूच शकत नाही. सगळी वाफ असो की थोड्या वाफेबरोबर भरपूर पाणी असो, तो शंभराच्या आसपासच राहतो. भाताच्या पातेल्याला जोराची उकळी आली की झाकण उडून जे बाहेर सांडतं, ते पाणीच असतं. बॉयलरवर काम करणारी माणसं म्हणूनच ‘कोरडी वाफ’ आणि ‘ओली वाफ’ असे दोन शब्द वापरतात.

बोलोन्यात वाफ कोरडी असल्याचा निर्वाळा दिला गेला तो हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या उपकरणावरून. वाफेबरोबर वाहून येणाऱ्या पाण्याचं वजन किती, हे अशा उपकरणाला कळत नाही. खरं तर त्यासाठी उपकरणाची गरजच नव्हती. ५० लिटर थंड पाण्याच्या पिंपात नळीचं तोंड बुडवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि पाणी ढवळून तापमान बघायचं. दावा खरा असेल तर पिंप १७-१८ अंशांनी तापेल. नुसतंच उकळतं पाणी येत असेल तर दोन-अडीच अंशांनी. हा प्रयोग शाळकरी मुलांनाही जमेल. तो त्या दिवशी झाला असता तर पुढच्या सहा वर्षांतला बराचसा वाद उद्भवलाच नसता, असं मला मनापासून वाटतं.

हे मोजमाप इतकं कळीचं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९२६ मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्झ पानेथ आणि कुर्ट पीटर्स यांनी पॅलॅडियम धातूत हायड्रोजन मुरवून हेलियम, म्हणजे हायड्रोजनचे अणुगर्भ जुळल्याची खूण, मिळाल्याचं जाहीर केलं होतं. पॅलॅडियम हा धातू हायड्रोजन स्पंजासारखा शोषून घेतो, त्यामुळे कल्पना मोहक होती. पुढे त्यांनाच आढळलं की हेलियम उपकरणाच्या काचेतून येत होता, आणि त्यांनी दावा मागे घेतला. आपली चूक आपणच शोधून जगाला सांगणारी ही दोन माणसं या इतिहासात फार मोठी वाटतात.

मग आलं २३ मार्च १९८९. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमान आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की, जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्यात) पॅलॅडियमची कांडी ठेवून वीज सोडली की रासायनिक क्रियेने समजावता येणार नाही इतकी उष्णता निघते. फ्लाइशमान हे रॉयल सोसायटीचे सदस्य, नावाजलेले विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा हातातली कामं बाजूला ठेवून कामाला लागल्या. पहिली शंका न्यूट्रॉनची होती. ड्यूटेरियमचं नेहमीचं फ्यूजन होऊन १ वॅट उष्णता निघत असेल, तर दर सेकंदाला जवळजवळ एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत. तेवढ्या माऱ्यात काचपात्राशेजारी उभं राहणारा माणूस धडधाकट राहिला नसता. जॉर्जिया टेकच्या गटाने एप्रिलमध्ये न्यूट्रॉन सापडल्याचं सांगितलं आणि काही दिवसांतच विधान मागे घेतलं, कारण त्यांचं न्यूट्रॉन-मापक उष्णतेनेच विचलित होत होतं. १ मे रोजी बाल्टिमोरच्या अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या बैठकीत कॅलटेकच्या नेथन लुइस आणि स्टीव्हन कूनिन यांनी युटाच्या दाव्यावर कडाडून टीका केली. पात्रातलं पाणी नीट ढवळलं नाही तर एका जागचं तापमान दुसऱ्या जागेहून वेगळं येतं आणि नसलेली उष्णता दिसू लागते, हे लुइस यांनी दाखवलं. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने पुरावा पटण्याजोगा नसल्याचं सांगितलं.

त्या वर्षीचा एक अध्याय आपल्या मुंबईतल्या तुर्भ्यातही (ट्रॉम्बे) घडला. भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार यांनी हा विषय मनावर घेतला आणि केंद्रातले अनेक गट एकाच वेळी कामाला लागले. डिसेंबर १९८९ मध्ये अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला सविस्तर अहवाल निघाला. तुर्भ्याचा भर उष्णतेपेक्षा अणुक्रियेच्या खुणांवर होता. कित्येक प्रयोगांत ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) सापडल्याची नोंद झाली, न्यूट्रॉन मात्र ट्रिटियमच्या मानाने कोटीच्या पटीत कमी. नेहमीच्या फ्यूजनमध्ये दोन्ही जवळपास सारखे निघतात. ट्रिटियम मुळातच साहित्यात मिसळलेला असावा, अशी शंका टीकाकारांनी घेतली. श्रीनिवासन यांनी आपले निष्कर्ष पुढेही सोडले नाहीत. १९९० मध्ये अय्यंगार अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि पुढच्या काही वर्षांत केंद्रातलं हे काम थांबलं. या निकालांशी कुणी सहमत असो वा नसो, मोठ्या सरकारी संस्थेने एवढा वादग्रस्त विषय झटकून न टाकता आकड्यांसकट कागदावर आणला, याचा मला आदर वाटतो.

आता निकेलकडे. १९९० च्या दशकात इटलीत फ्रान्चेस्को पियान्तेली आणि फोकार्दी यांनी पॅलॅडियम-जड पाण्याऐवजी निकेलची कांडी आणि साधा हायड्रोजन घेऊन जादा उष्णतेचा दावा केला. १९९६ मध्ये सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेतल्या एका गटाने तोच प्रयोग करून पाहिला. तापमान वाढल्याचं त्यांनाही दिसलं, पण जादा उष्णता मात्र सापडली नाही. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, या शालेय धड्यावर हा सगळा वाद अडखळतो. ई-कॅटची वंशावळ इथून सुरू होते.

२०११ च्या मार्चमध्ये स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ स्वेन कुलान्डर आणि हान्नो एसेन बोलोन्याला जाऊन आले आणि अनुकूल मत देऊन परतले. पण यंत्रातली म्हणून दिलेली भुकटी तपासली तेव्हा त्यात सुमारे १० टक्के तांबं निघालं, आणि त्याच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण खाणीतल्या तांब्यासारखंच होतं. निकेलचं तांबं होत असेल तर हे प्रमाण नैसर्गिक यायचं काहीच कारण नाही. जूनमध्ये अमेरिकी पत्रकार स्टीव्हन क्रिव्हिट तिथे पोहोचले. त्यांच्या चित्रफितीत रॉसी भिंतीतल्या निचऱ्याच्या भोकातून काळी नळी ओढून काढतात आणि तिचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरतात. त्या दिवशी तासाला ७ लिटर पाणी जात असल्याचं सांगितलं होतं. त्या सगळ्याची वाफ झाली तर नळीतून दर सेकंदाला तीन लिटरहून जास्त वाफ सुसाट बाहेर पडायला हवी. दिसते ती हळूच वर चढणारी, रेंगाळणारी वाफ.

टीका वाढली तसं ६ ऑक्टोबर २०११ च्या चाचणीत वाफेऐवजी उष्णता-विनिमयक (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारं साधन) जोडून वाहतं पाणी तापवलं गेलं. पद्धत योग्य होती. पण बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा थर्मोकपल तापलेल्या वाफेच्या जोडाजवळ, धातूला चिकटवून बसवलेला होता. तो पाण्याचं तापमान सांगत होता की धातूचं, हा नवा वाद सुरू झाला.

२०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला ई-कॅटची ३२ दिवसांची चाचणी झाली. या वेळी पाणीच नव्हतं. ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) नळी तापून लाल झाली होती आणि उष्णता-कॅमेऱ्याने तिचं तापमान १,४०० अंशांपर्यंत नोंदवलं गेलं. दिलेल्या विजेच्या ३.२ ते ३.६ पट उष्णता, असा निष्कर्ष निघाला. यातली अडचण बारीक आहे, पण समजून घेण्याजोगी आहे. असा कॅमेरा तापमान थेट मोजत नाही. तो ठरावीक लांबीच्या अवरक्त लहरी पकडतो, आणि तो पदार्थ त्या लहरी किती सहज सोडतो हा आकडा आपण त्याला भरवायचा असतो. परीक्षकांनी सगळ्या लहरींचा मिळून येणारा आकडा भरला, सुमारे ०.४. कॅमेरा ज्या पट्ट्यात बघतो, तिथे ॲल्युमिनाचा आकडा ०.९ च्या आसपास असतो. छोटा आकडा भरला की कॅमेरा तापमान फुगवून सांगतो, आणि उत्सर्जित उष्णता तर तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. टीकाकारांनी दुरुस्त आकडा घालून गणित पुन्हा केलं, तेव्हा जादा उष्णता जवळजवळ नाहीशी झाली. रिकामी नळी विजेने त्याच तापमानापर्यंत तापवून कॅमेरा पडताळला असता, तर हे चाचणीतच उघड झालं असतं. रिकाम्या नळीची चाचणी झाली होती, पण खूपच कमी तापमानाला.

शेवटचा अंक अमेरिकेतला. नॉर्थ कॅरोलिनाच्या ‘इंडस्ट्रियल हीट’ कंपनीने परवान्यासाठी रॉसींना १ कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली होती, आणि दीर्घ चाचणी यशस्वी झाली तर आणखी ८ कोटी ९० लाख द्यायचे ठरलं होतं. फेब्रुवारी २०१५ पासून वर्षभर फ्लोरिडातल्या डोराल इथल्या गोदामात १ मेगावॅटचा संच चालला. अहवालात दिलेल्या विजेच्या पन्नास पटींहून जास्त उष्णता दाखवली गेली. कंपनीने पैसे नाकारले आणि एप्रिल २०१६ मध्ये रॉसी मायामीच्या संघीय न्यायालयात गेले.

न्यायालयात दाखल झालेले कागद मला या विषयातले सगळ्यात बोलके कागद वाटतात. कित्येक दिवसांची पाण्याची नोंद अगदी एकसारखी, रोज ३६,००० किलो. प्रवाहमापक भरलेल्या नळासाठी बनवलेला, आणि नळ पूर्ण भरून वाहत नसल्याचा आक्षेप. वाफ विकत घेणाऱ्या ‘ग्राहक’ कंपनीचे अध्यक्ष रॉसींचे वकीलच. आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, एवढी उष्णता गेली कुठे? १ मेगावॅट म्हणजे घरातले २ किलोवॅटचे ५०० गीझर रात्रंदिवस चालू. तेवढी उष्णता बाहेर काढली नाही तर त्या गोदामात कुणाला उभंही राहवणार नाही. रॉसींनी साक्षीत सांगितलं की माडीवर उष्णता-विनिमयक बसवून पंख्यांनी गरम हवा खिडक्यांतून बाहेर काढली जात होती आणि नंतर तो काढून टाकला. त्यावर ज्यूरीचं मत कधी आलंच नाही. जुलै २०१७ मध्ये, खटल्याची सुनावणी सुरू झाल्यावर काही दिवसांतच दोन्ही पक्षांनी तडजोड केली. परवाना आणि यंत्रं रॉसींकडे परत गेली, ८ कोटी ९० लाख त्यांना मिळाले नाहीत.

याच काळात गूगलच्या पैशावर विद्यापीठं आणि प्रयोगशाळांतले सुमारे ३० संशोधक शांतपणे काम करत होते. त्यांनी हायड्रोजनने भरलेल्या, अतिशय तापलेल्या भुकटीची उष्णता भरवशाने मोजता येईल असे कॅलरीमीटर आधी बांधले, पडताळले आणि मगच नमुने आत घातले. ‘नेचर’मध्ये मे २०१९ मध्ये त्यांचा लेख आला. धातूच्या भुकटीचे ४२० नमुने तपासले होते. जादा उष्णता एकातही सापडली नाही.