'फौंडेशन' घाटमाथ्यावर कसं पोचलं

अगदी अलीकडेपर्यंत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात 'फौंडेशन' म्हणजे घराचा पाया. गवंडी सांगायचा, फौंडेशन भरून झालं, आता जोतं घेऊया. आता जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात हा शब्द शाळेच्या एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा सुधारणा समितीच्या, बैठकीतही ऐकू येतो, देणगी देणारी संस्था या अर्थाने. पत्रे गळतात, संडासाला पाणी नाही, तेव्हा 'एखादं फौंडेशन बघूया की' असं कुणीतरी हमखास म्हणतं. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा गोव्यातला एखादा हॉटेलवाला असतो, आणि तो परदेशी असला तर उत्तमच.

बाहेरचा पैसा बेळगावला नवा नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली इथे आले आणि त्यांच्यामागून शाळा आल्या. १९०४ मध्ये हे काम मेथडिस्टांकडे गेलं. देणगीदार समुद्रापार, खर्च करणारा पाद्री मात्र कॅम्पात राहणारा, त्यामुळे तक्रार करायची तर त्याच्या दारात जाऊन करता येत होती. मिशनऱ्यांच्या पाठोपाठ भांडवल आलं. गोकाकच्या धबधब्यावर, जिथे घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते, तिथे १८८७ मध्ये फोर्ब्स कंपनीची सूतगिरणी सुरू झाली. आज झुलत्या पुलाचे फोटो काढायला जाणाऱ्यांना तो फक्त सहलीचा पॉइंट वाटतो, पण या जिल्ह्यात साहेबाचं भांडवल आणि वाहतं पाणी पहिल्यांदा एकत्र आलं ते तिथेच. घरच्या दानाचीही परंपरा होती. शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी आपली मालमत्ता शिक्षणासाठी ठेवली आणि १९१६ मध्ये सात तरुण शिक्षकांनी केएलई ही शिक्षणसंस्था उभी केली. पण हे सगळं शहर आणि मैदानी पट्ट्यातलं. घाटमाथ्यावरच्या आमगाव, गवाळी, तळेवाडीपर्यंत त्यातलं फारसं काही चढलं नाही. तिथे 'विकास' म्हणजे देवस्थान पंच कमिटीची वर्गणी आणि गावकऱ्यांचं श्रमदान.

पर्यटनातला परदेशी पैसा कर्नाटकात शिरला तो जंगलाच्या वाटेने, आणि हे फार थोड्यांना आठवतं. १९८० साली राज्य सरकारने जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स ही कंपनी काढली तेव्हा भागीदार होती नेपाळच्या चितवनमधली टायगर टॉप्स ही जंगल-लॉज चालवणारी कंपनी, जिम एडवर्ड्स या इंग्रज माणसाची. काबिनीच्या लॉजने कर्नाटकाला जंगल पर्यटन शिकवलं. याच एडवर्ड्स यांनी त्याच सुमारास इंग्लंडमध्ये निसर्गसंवर्धनासाठी एक धर्मादाय न्यासही स्थापला. म्हणजे पाहुण्याकडून घ्यायचं आणि जंगलाभोवतीच्या कामाला वेगळ्या पेटीतून द्यायचं, ही पद्धत तेव्हाच रुळत होती. १९८७ मध्ये टायगर टॉप्सने आपला हिस्सा काढून घेतला आणि कंपनी पूर्ण सरकारी झाली. आज आपल्या खानापूरकडच्या भीमगड अभयारण्यातही तिचा कॅम्प आहे. त्या वंशावळीत एक इंग्रज आजोबा बसलेला आहे हे तिथे मुक्काम करणाऱ्याला कुणी सांगत नाही.

या पद्धतीचं पूर्ण रूप बघायचं तर इंडोनेशियातल्या सुंबा बेटाकडे जावं लागेल. क्लॉड ग्रेव्हज हा अमेरिकन १९८८ मध्ये बायकोबरोबर तिथे पोचला आणि समुद्रकिनारी निहिवातू नावाचं रिसॉर्ट उभं केलं. आजूबाजूला मलेरिया, पाण्यासाठी मैलोगणती पायपीट. २००१ मध्ये सुंबा फाउंडेशन निघालं: विहिरी, दवाखाने, मच्छरदाण्या, शाळा. पैसे देणारे मुख्यतः रिसॉर्टचे पाहुणेच. दुपारी दवाखाना बघायचा आणि संध्याकाळी चेक लिहायचा. यात ढोंग आहे असं मी म्हणणार नाही. मलेरियाची गोळी मिळालेल्या पोराला देणाऱ्याच्या मनाशी काही देणंघेणं नसतं. पण २०१२ मध्ये रिसॉर्ट ख्रिस बर्च या दुसऱ्या अमेरिकन गुंतवणूकदाराकडे गेलं. तिथे फाउंडेशन टिकलं. सगळीकडे टिकतंच असं नाही. हॉटेलचा मालक बदलला किंवा २०२० सारखं विमानच बंद पडलं की पेटी रिकामी, आणि पगार थकतो तो गावातल्या नर्सचा.

आपल्याकडे हे सगळं गोव्याच्या मार्गाने आलं. १९८७ पासून गोव्यात परदेशी चार्टर विमानं उतरू लागली, हॉटेलं वाढली आणि घाटावरची पोरं तिकडे कामाला जाऊ लागली. बेळगावची भाजी चोर्ला घाटाच्या वळणांवरून रोज गोव्याला उतरते, तिच्याच वाटेने. मुलगा हाउसकीपिंगला लागला की वर्षभरात त्याला हॉटेल कोणाचं, मॅनेजर कोण आणि 'चॅरिटी'चं काम कोण बघतं हे पाठ होतं. गावची मागणी साहेबापर्यंत पोचते ती त्याच्या मोबाइलवरून, तालुका पंचायतीतून नव्हे.

गुंतवणूकदार स्वतः घाटावर फार उशिरा का फिरकला, याला कायद्याचं कारण आहे. परदेशी नागरिकाला भारतात शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. त्यावर कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमं बिगरशेतकऱ्याला आणि कंपनीला अडवत होती. ही कलमं २०२० मध्ये गेली. तेव्हापासून उतारा हातात घेऊन फिरणारे एजंट जांबोटीच्या चहाच्या टपरीवर जास्त दिसू लागले, हा निदान माझा अनुभव.

पैशाच्या वाटेचंही तसंच. हॉटेल आणि पर्यटनात शंभर टक्के थेट परदेशी गुंतवणूक चालते. तेव्हा लंडनच्या मालकाला गावाला काही द्यायचं असेल तर दोन दारं आहेत. एक, तिकडच्या धर्मादाय संस्थेतून थेट. इथे परदेशी देणगी कायदा आडवा येतो. घेणाऱ्या संस्थेला नोंदणी हवी, तिचं वय तीन वर्षं हवं आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च केल्याचं दाखवायला हवं. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरतो, प्रशासनाचा खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि एका संस्थेने घेतलेला पैसा दुसरीला देता येत नाही. पूर्वी बेळगावच्या मोठ्या संस्थेने घ्यायचा आणि गावच्या छोट्या मंडळाला वाटायचा, असं चालायचं. ते संपलं.

दुसरं दार त्याच्या भारतीय कंपनीचं. २०१६ मध्ये कायद्यात बदल झाला आणि परवानगीच्या मर्यादेत परदेशी मालकी असलेली भारतीय कंपनी 'परदेशी स्रोत' मानली जाईनाशी झाली. मालक तोच, पण इथे नफा कमावून दिला तर ती देशी देणगी. वर २०१३ च्या कंपनी कायद्याने वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा कमावणाऱ्या कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. साखळी हॉटेलं यात सापडतात, दहा खोल्यांचं रिसॉर्ट सापडत नाही. आणि घाटाजवळ येऊ शकतात ती बहुधा दहा खोल्यांचीच.

घाटमाथ्यावरच्या एका मराठी शाळेत मी पाण्याचा फिल्टर पाहिला. स्टीलचा, चकचकीत, समोर इंग्रजी पाटी, कोणा परदेशी पाहुण्यांच्या आठवणीची. आतल्या कँडल संपल्या होत्या आणि नवीन कुठे मिळतात ते कुणाला माहीत नव्हतं. बाईंनी त्यात खडू ठेवले होते. 'पावसाळ्यात खडू सर्दावतात, यात कोरडे राहतात,' असं म्हणाल्या.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे, तो सुंब्यात नाही. एसडीएमसी मागणी लिहिते मराठीत. ग्रामपंचायतीचा पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, शिफारस देतो कन्नडमध्ये. फाउंडेशनचा फॉर्म इंग्रजीत. तिन्ही कागदांत गावाचं नावही एकसारखं नसतं, आणि २०१४ पासून जिल्ह्याचंही नाही: आमच्या अर्जावर बेळगाव, सरकारी शिक्क्यावर बेळगावी. ऑडिटवाल्याला हे एकच ठिकाण आहे हे पटवण्यात एक चकर जाते.

त्यात भीमगड. २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. बारापेड्याच्या गुहेत रॉटनची दुर्मीळ वटवाघळं आहेत, आणि जंगल बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्याला तीच दाखवावीशी वाटतील. पण त्याच जंगलातल्या तळेवाडीच्या कुटुंबांना सरकार प्रत्येकी १५ लाख देऊन बाहेर बसवायला निघालं आहे. फाउंडेशनच्या माणसाने तिथे येऊन 'तुमच्या गावाला काय हवं' असं विचारलं, तर गावकऱ्यांनी कोणत्या गावाबद्दल बोलायचं, जंगलातल्या की अजून न बांधलेल्या?